कोऱ्या कॉफीच्या मुलखात

मराठी घरात चहा हा घरचा आणि कॉफी ही पाहुणी. चहाला वेळकाळ नाही, निमित्त नाही. तो दिवसातून चारदा येतो आणि त्याच्याकडे कोणी मान वर करून पाहतही नाही. कॉफीचे तसे नाही. ती यायची म्हणजे काहीतरी कारण हवे. उपासाचा दिवस, डोहाळजेवण, गणपतीतले जागरण, नाहीतर चहा न पिणारे व्याही! आणि येताना ती एकटी कधी येत नाही. दाट दूध, सढळ हाताची साखर, वेलची आणि वर किसलेले जायफळ असा सगळा लवाजमा बरोबर असतो. कॉफीचा गुण झोप घालवण्याचा, आणि जायफळ आपण उगाळायचे ते बाळाला झोप लागावी म्हणून! या दोघांना एकाच कपात नांदवणाऱ्या आपल्या आज्यांचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे.

परंतु गेल्या काही वर्षांत या पाहुणीने लवाजमा सोडला. दूध गेले, साखर गेली, जायफळाची तर आठवणही उरली नाही. आता ती कोरी येते. कोरा कागद, कोरे लुगडे, तशी कोरी कॉफी. कचेरीत जाणारे ती पितात, व्यायामशाळेत जाणारे पितात, परीक्षेला बसणारे तर पितातच. तिने वजन उतरते म्हणतात, साखर आटोक्यात राहते म्हणतात, यकृत सुधारते म्हणतात. एकेकाळी च्यवनप्राशाला जे मानाचे पान होते, ते आता या काळ्या पाण्याला मिळाले आहे.

आमच्या घरी ती आली पुतणीच्या मागोमाग. एम.एस्सी.साठी ही मुलगी पुण्यात आमच्याकडे राहते. सकाळी उठून एक मोठा मग कोरी कॉफी, पोहे-उपीट काही नाही. अकरा वाजता दुसरा मग. दुपारी डब्यातली पोळी-भाजी आणि तिच्यावर लगेच तिसरा. "काकू, एका कपात फार तर दोन-तीन कॅलरी!" असे ती अभिमानाने सांगे. त्यावर सौ.चा प्रश्न ठरलेला, "अगं, पण तेवढ्यावर माणूस चालतो किती?" नोव्हेंबरात तिला जिना चढताना धाप लागू लागली. डॉक्टरांनी रक्त तपासले, तेव्हा हिमोग्लोबिन निघाले ९.४. बारा तरी हवे, असे म्हणून त्यांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. घरात थोडी शांतता पसरली.

नाताळच्या सुटीत कुठेतरी जायचेच होते. बेळगावला शिकून गेलेले एक गृहस्थ माझ्या ओळखीचे. चिकमगळूरच्या डोंगरात त्यांचा वडिलोपार्जित कॉफीचा मळा आहे. "तोडणी पाहायची तर डिसेंबरात या," असे त्यांचे आमंत्रण कित्येक वर्षे पडून होते. पुतणीच म्हणाली, "काका, या वेळी तिकडेच जाऊ." आम्ही तिघे निघालो.

पुण्याहून मिरज, बेळगाव, हुबळी करीत बंगळूरकडे जाणाऱ्या गाडीने बिरूरला उतरावे आणि तिथून कडूरवरून मोटारीने चिकमगळूर गाठावे, हा सोयीचा रस्ता. अंतर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचे. सुरुवातीला दोन्ही बाजूंना माळरान आणि नारळाच्या बागा. कॉफीचे नाव नाही. वाटेत सखरायपट्टण लागते. तिथल्या रुक्मांगद नावाच्या राजाने आपल्या दोन मुलींना दोन गावे आंदण दिली, अशी आख्यायिका आहे. थोरलीचे ते हिरेमगळूर आणि धाकटीचे ते चिक्कमगळूर. 'मगळु' म्हणजे मुलगी. भाषेच्या मास्तराला अशी व्युत्पत्ती सापडली की प्रवासाचे पैसे तिथेच वसूल होतात. हिरेमगळूर आज धाकटीच्या गावातच सामावून गेले आहे. धाकट्यांचे असेच असते, हे शेरा-वाक्य सौ.चे, ती घरात थोरली.

गाव समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून थोडे उंच. गावाबाहेर पडून गाडी घाटाला लागली आणि माझी पहिली कल्पना ढासळली. मला वाटले होते, चहाच्या मळ्यासारखे उघडे, हजामत केल्यासारखे डोंगर दिसतील. इथे तर जंगल! उंच सिल्व्हर ओक, त्यांच्या अंगावर चढलेले मिऱ्यांचे वेल, मध्ये फणस, पांगारा, अंजिराच्या जातीची झाडे, आणि या सगळ्यांच्या सावलीत पुरुषभर उंचीची गर्द हिरवी कॉफी. ऊन खाली पोचते ते चाळणीतून आल्यासारखे. आपल्याकडची कॉफी ही अशी सावलीतली लेक आहे.

मळ्यावर पोचताच एक गंमत झाली. यजमानांनी मुकादमाला, म्हणजे तिकडच्या मेस्त्रीला, माझी ओळख इंग्रजीत करून दिली, "हे मराठीतले रायटर." मेस्त्रीने मला नीट न्याहाळले आणि कन्नडमध्ये काही विचारले. यजमान हसू लागले. मळ्यावर 'रायटर' म्हणजे मजुरांची हजेरी आणि वजने लिहिणारा कारकून! "तुमचा मळा कुठला आणि माणसे किती?" असे तो विचारीत होता. कॉफीला कन्नडमध्ये 'कापि' म्हणतात. परीक्षेच्या हॉलमध्ये तीस वर्षे 'कॉपी' पकडत आलेल्या माणसाला तो शब्द ऐकून आधी दचकायलाच झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तोडणीला गेलो. धुके होते. साडीवर पुरुषी सदरा, डोक्याला फडके आणि कमरेला पिशवी बांधलेल्या बायका झाडाझाडाशी उभ्या होत्या. काही जवळच्या गावांतल्या, काही दूर आसामातून हंगामापुरत्या आलेल्या. पिकलेले लाल फळ तेवढे तोडायचे, हिरवे ठेवायचे; बोटे इतकी चपळ, की पाहणाऱ्याने मोजू नये. पुतणीने एक फळ चाखून पाहिले. साल गोडसर, आत बुळबुळीत गर आणि गरात पाठीला पाठ लावून बसलेल्या दोन फिकट बिया. कॉफीची चव, वास काही नाही. तो सगळा पुढे भाजताना येतो. यजमानांनी हिशेब सांगितला : पाच-सहा किलो फळांतून एक किलो बी निघते, भाजताना तेही घटते. एक कप चांगली कोरी कॉफी म्हणजे सुमारे चाळीस फळे. चाळीस वेळा कोणाची तरी बोटे फांदीकडे गेली, तेव्हा तुमचा एक कप!

नऊ वाजता विसावा झाला. एका मोठ्या पातेल्यात कॉफी उकळून, गूळ घालून, फडक्याने गाळली होती. दूध नाही. मलनाडात आणि शेजारच्या कोडगूत ही गुळाची कोरी कॉफी जुनीच आहे. शहरातल्या कोऱ्या कॉफीच्या किती तरी आधीची. बायकांनी डबे उघडले. तांदळाच्या भाकऱ्या आणि चटणी. एका वयस्क बाईने पुतणीपुढे पेला धरला, पण तो तिच्या हातात देण्यापूर्वी तिने विचारले, "तिंडि आयता?" यजमानांनी अर्थ सांगितला : सकाळचे खाणे झाले का? पुतणीने मान हलवून 'नाही' म्हटले. बाईंनी पेला मागे घेतला, डब्यातली अर्धी भाकरी मोडून तिच्या हातावर ठेवली, आणि मगच कॉफी दिली. कोणी काही बोलले नाही. सौ.ने माझ्याकडे पाहिले आणि मी धुक्याकडे.

गोष्ट इथे संपली असती, तर काकूंची बाजू सिद्ध होऊन आम्ही परत आलो असतो. पण संध्याकाळी यजमानांच्या वहिनी आल्या. त्या चिकमगळुरात डॉक्टर आहेत. व्हरांड्यात बसलो होतो. खाली अंगणात धुतलेल्या बिया वाळत होत्या आणि हौदातून आंबूस वास येत होता. पितळी फिल्टरची कोरी कॉफी आली. पुतणीने सकाळची हकीकत सांगितली आणि आपले रक्ताचे कागदही दाखवले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्या बाईने भाकरी दिली हे फार चांगले केले. पण भाकरी आणि कॉफी बरोबरच दिली, तेवढे मात्र नको होते." आम्ही सगळेच सावरून बसलो.

त्यांनी सांगितले ते सांगतो. कॉफीतले काही पदार्थ अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात आणि रक्तात जाऊ देत नाहीत. १९८३ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. जेवणाबरोबर एक कप कॉफी घेतली, तेव्हा लोहाचे शोषण ३९ टक्क्यांनी कमी झाले. चहाने तर ६४ टक्क्यांनी. तीच कॉफी जेवणाच्या तासभर आधी घेतली, तर काही बिघडले नाही. पण जेवणानंतर तासाभराने घेतली, तेव्हा ती जेवणाबरोबर घेतल्याइतकीच आडवी आली. आपल्याकडच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांतही जेवणाच्या निदान तासभर आधी आणि तासभर नंतर चहा-कॉफी टाळा, असे म्हटले आहे.

"मांस-मासे न खाणाऱ्या घरात हे जास्त जपायला हवे," त्या म्हणाल्या. "पालेभाज्या, कडधान्ये, नाचणी यांतले लोह आधीच अवघड वाटेने जाते. त्यात आपल्या देशात १५ ते ४९ वर्षांच्या बायकांपैकी ५७ टक्क्यांना पंडुरोग आहे, असे २०१९ ते २१च्या राष्ट्रीय पाहणीत दिसले. मळ्यावरच्या बाया काय आणि शहरातल्या मुली काय! मळ्यावरची बाई कॉफी अन्नावर ओतते, आणि शहरातली मुलगी ती अन्नाच्या जागी ओतते. नुकसान दोघींचे."

"म्हणजे कोरी कॉफी वाईटच?" सौ.ने जरा उत्साहानेच विचारले.

"मुळीच नाही," असे म्हणून डॉक्टरीणबाईंनी आपला पेला पुन्हा भरून घेतला.

मग कॉफीची दुसरी बाजू निघाली, आणि ती पुतणीच्या वाटची होती. बिनसाखरेच्या कोऱ्या कॉफीत स्निग्ध नाही, साखर नाही, ऊर्जा जवळजवळ नाही. थोडे पोटॅशियम आणि भाजताना तयार होणारे थोडे नायसिन हे जीवनसत्त्व तेवढे असते. मोठमोठ्या लोकसमूहांची वर्षानुवर्षे पाहणी केली, तेव्हा बेताने कॉफी पिणाऱ्यांत मधुमेह आणि यकृताचे काही विकार कमी आढळले. मात्र आढळले याचा अर्थ कॉफीनेच कमी केले असा नव्हे, हे त्यांनी बजावले. कर्करोगाच्या बाबतीतही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९१ साली कॉफीला संशयितांच्या यादीत बसवले होते. २०१६ साली तिला तिथून उठवले. संशय उरला तो ६५ अंशांहून अधिक कढत पेयांवर, मग ते कोणतेही असो. दक्षिणेत डबऱ्यातून पेल्यात उंचावरून कॉफी ओतून निववतात, ती पद्धत शोभेची नाही तर!

बीमधील तेलाचा अंश कोलेस्टेरॉल वाढवतो. कागदी गाळणी तो बहुतेक अडवते, नुसती उकळून न गाळता घेतलेली कॉफी अडवत नाही. ज्यांचे कोलेस्टेरॉल आधीच चढे आहे, त्यांनी एवढे पाहावे. ज्यांना पित्ताचा त्रास आहे, त्यांना ती रिकाम्या पोटी जळजळ देऊ शकते. पाकीट घेताना त्यावरची बारीक अक्षरे वाचावीत, हा सल्ला यजमानांचा. चिकोरी मिसळलेल्या भुकटीत कायद्याने ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते. ती एक भाजलेली मुळी. तिच्यात कॅफिन नाही.

कॅफिनचे नाव निघाले तेव्हा मला बोलायला संधी मिळाली, कारण ही कथा साहित्याच्या दारावरून जाते. १८१९च्या सुमारास जर्मन महाकवी गटे यांनी रुंग नावाच्या तरुण रसायनशास्त्रज्ञाला कॉफीच्या बिया दिल्या आणि यात काय आहे ते शोध म्हणून सांगितले. त्यातून कॅफिन सापडले. कवीने शास्त्रज्ञाला कामाला लावल्याचे हे उदाहरण मी वर्गात नेहमी देतो.

पुतणीने ते कसे काम करते ते सांगितले. शेवटी विज्ञानाची विद्यार्थिनी. दिवसभराच्या श्रमाबरोबर मेंदूत ॲडेनोसिन साठत जाते आणि ते आपल्याला 'आता विसावा घे' असे सांगते. कॅफिन त्याची जागा अडवून बसते, म्हणून निरोप पोचत नाही. "बरोबर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "निरोप पोचत नाही, पण थकवा तिथेच असतो. तुला धाप लागत होती ती रक्त कमी म्हणून. सकाळची कॉफी तुला रोज सांगत होती, तू ठीक आहेस."

या वाक्यानंतर पुतणी बराच वेळ वाळत्या बियांकडे पाहत बसली. मला वाटते, साऱ्या प्रवासात तिला लागले ते एवढेच.

प्रमाणाविषयी मी मुद्दाम विचारून टिपून घेतले, वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून. दीडशे मिलिलिटर गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन असते, झटपट भुकटीच्या कॉफीत ५० ते ६५. आपल्या पोषण संस्थेची मर्यादा दिवसाला ३०० मिलिग्रॅमची. म्हणजे अडीच-तीन कप, आणि चहा त्यातच मोजायचा. रोबस्टा जातीच्या बीमध्ये अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफिन असते. गरोदर बाईने २०० मिलिग्रॅमच्या आत राहावे. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कपाचा अर्धा हिस्सा रात्री अकराला तुमच्याबरोबर अंथरुणात असतो. आणि वजन उतरवण्याविषयी? भूक थोडा वेळ दबते, सवय झाली की तेही कमी होते. साखर-दुधाचा पेला सोडून कोरा घेतलात तर तेवढ्या ऊर्जेची बचत खरी. पण तो काही प्याल्याचा पराक्रम नव्हे.

तिसऱ्या दिवशी बाबा बुडनगिरीला गेलो. जवळच मुळ्ळय्यनगिरी, उंची १९३० मीटर, कर्नाटकातले सर्वांत उंच शिखर. बाबा बुडन नावाचे सूफी संत सतराव्या शतकात यात्रेहून परतताना येमेनमधल्या मोखा बंदरातून सात बिया लपवून घेऊन आले आणि या डोंगरात त्यांनी त्या लावल्या, अशी परंपरागत कथा आहे. गुहेपाशी दत्तभक्तही येतात आणि दर्ग्याचे भाविकही. 'गुरुदेव दत्त' हा ओळखीचा उच्चार इतक्या दूर कानी पडला आणि सौ.ने आपोआप हात जोडले. वारा असा होता, की पदर आणि टोपी दोन्ही धरून उभे राहावे लागे. खाली नजर पोचेल तिथवर सावलीची हिरवी दुलई. या डोंगराच्या नावाच्या अरेबिकाला २०१९ साली भौगोलिक ओळखीचा शिक्काही मिळाला आहे.

येमेनच्या सूफींनी कॉफी जवळ केली ती रात्रभर नामस्मरणाला जागता यावे म्हणून. म्हणजे या पेयाचा पहिला उपयोग जागण्याचा, पोसण्याचा नव्हे. त्यांना ते ठाऊक होते. जेवायचे ते जेवून, मग जागायला कॉफी घेत असतील. तिला अन्नाचे आणि औषधाचे काम आपण लावले, आणि मग तिच्या नावाने कधी आरती तर कधी शंख करीत बसलो. चिकमगळुरात कॉफी बोर्डाचे संग्रहालय आहे. १९४२ पासून हे बोर्ड आहे. बाळेहोन्नूरला १९२५ पासून संशोधन चालते. झाडाला कोणते खत केव्हा घालावे, पाऊस किती हवा, खोडकिडा कसा आवरावा, याचा तिथे किती बारीक विचार! झाडाच्या पोषणाची एवढी काळजी घेणाऱ्या माणसाने, ते पिताना स्वतःचे पोषण विसरावे हे नवल.

निघताना यजमानांनी भाजलेल्या बियांचे दोन पुडे दिले. आता आमच्या घरचे वेळापत्रक असे आहे : सकाळी आधी खाणे, त्यावर लिंबू पिळलेले मुगाचे मोड किंवा आवळा, दुपारच्या जेवणानंतर चांगले दोन-तीन तास जाऊ द्यायचे आणि चार वाजता कोरी कॉफी, एकच पेला. डॉक्टरांच्या गोळ्या कॉफीपासून दूर. सौ.ही आता तिच्यात सामील असते, जायफळाशिवाय. मार्चमध्ये पुतणीचे हिमोग्लोबिन ११.६ आले. धाप गेली. गुण गोळ्यांचा, खाण्याचा, की वेळ बदलल्याचा, हे मी ठरवीत नाही. तिघांनीही वाटून घ्यावा.

कॉफीची फुले मार्च-एप्रिलच्या पहिल्या सरींनंतर उमलतात. सारा डोंगर पांढरा होतो आणि मोगऱ्यासारखा घमघमतो, असे यजमानांनी पत्रात लिहिले होते. परीक्षेमुळे आम्हाला जाता आले नाही. पुढच्या वर्षी जायचे ठरले आहे. त्या पत्राला पुतणीने उत्तर लिहिले. खाली एक ओळ जोडून यजमानांना विनंती केली, की एवढा निरोप तोडणीवरच्या त्या बाईंना पोचवा. मेस्त्रीकडून शिकून घेतलेल्या दोन शब्दांचा तो निरोप होता : "तिंडि आयतु." खाणे झाले.